भाऊसाहेबांचा वंश

तुम्ही काय काम करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, नर निवडते. समोरचा माणूस जरा दचकतो. आमचे हे जवळ असले की घाईनं म्हणतात, "कोंबड्यांतले." एवढी वर्षं झाली तरी त्यांची घाई काही कमी झालेली नाही.

उत्रोलीला आमची भातशेती आहे. लग्न होऊन आले तेव्हा घरी सासूबाईंच्या थोड्या गावरान कोंबड्या होत्या. त्या सांभाळता सांभाळता मला त्यांचं वेड लागलं आणि वेडाचा धंदा झाला. मी अंडी विकत नाही, कापायचे कोंबडेही सहसा विकत नाही. ज्यांना आपला गावरान कळप सुधारायचा आहे त्यांना मी पैदाशीचा नर देते. भोर, वेल्हे, पार नसरापुरापर्यंत माझे नर गेलेत. कोंबडी वाईट निघाली तर तिच्यापुरतं नुकसान होतं. नर वाईट निघाला तर पुढची सगळी पिल्लावळ बिघडते. म्हणून नर निवडणं हे वेगळं काम आहे, आणि त्यासाठी लोक माझ्या दारात येतात याचा मला अभिमान आहे.

निवडायचा कसा? कोंबडा हातात घेतला की मी आधी छातीचं हाड चाचपते. ते नांगराच्या फाळासारखं सरळ लागलं पाहिजे. मग पाय. नळ्या दणकट आणि बोटं सुटी, सरळ. डोळा तजेलदार, तुरा लाल. तुरा फिका पडला असेल तर आत काहीतरी बिघडलंय असं समजायचं. मग खाली सोडून चालताना बघायचा. त्याची आई कोण, ती किती घालायची, रवणाला म्हणजे अंड्यांवर नीट बसून राहायची का, पिल्लांमागं जीव टाकायची का, हे सगळं विचारायचं. रंगाकडं मी शेवटी बघते. गिऱ्हाईक मात्र नेहमी रंगापासून सुरुवात करतं.

एकदाच मी रंगावर कोंबडा दिला, आणि मी आज सांगणार आहे ती सगळी गोष्ट तिथून सुरू झाली.

राजगडाच्या पायथ्याला, पालीत, रोहिदास नावाच्या माणसाचं चहा-पिठल्याचं हॉटेल आहे. तो एकदा घरी आला. म्हणाला, "ताई, मला कापायचा न्हाई का पैदाशीला न्हाई. नुसता अंगणात हिंडला पायजे. गडावर येणारी पोरं फोटो काढत्यात. एकदम ऐटबाज द्या."

ऐटबाज एक होता. अंगावर तांबूस सोनेरी पिसं, शेपटीची काळी-हिरवी कमान, चाल तर अशी की घोड्यानं बघावी. दिला. पंधरा दिवसांतच फोन आला.

"ताई, तुमचा कोंबडा गिऱ्हाईकं खेदतोय."

"खेदतोय म्हणजे?"

"रंगीत बूट दिसला की मागं लागतोय. काल एक साहेब टेबलावर चढून बसलं. चहा त्यास्नी वरच दिला म्या."

मी पालीला गेले. अंगणात पाय ठेवला तोच हा पठ्ठ्या मान फुगवून माझ्यावर धावून आला. पिल्लू असल्यापासून माझ्या हातचे दाणे खाल्लेला. रोहिदास दारातून म्हणाला, "घ्या! घरच्यांनाबी सोडत न्हाई ह्यो."

माणसावर धावणारा नर मी पैदाशीला कधी ठेवत नाही, कारण तो स्वभाव पोरांत उतरतो. पण मला घोर लागला तो वेगळाच. हा कोंबडा माझ्या मुख्य नराचा सख्खा भाऊ होता. घरी त्या वर्षी रवणाखालची निम्मी अंडी फुकट जात होती. निघालेल्या पिल्लांत एखाददुसऱ्याची बोटं वाकडी असायची. मला दिसत होतं, पण त्याचा अर्थ लागला तो पालीच्या अंगणात. वर्षानुवर्षं मी माझ्याच कळपातला उत्तम नर निवडून माझ्याच कळपात सोडत होते. पुढं त्याचा उत्तम मुलगा, मग त्याचा. आता सगळेच एकमेकांचे भाऊबंद झाले होते. रक्त फार जवळ आलं की असंच होतं. बाहेरचं रक्त आणल्याशिवाय इलाज नव्हता.

आणायचं कुठून? बाजारात गावरान म्हणून जे मिळतं त्यात आता हॅचरीच्या कोंबड्यांची भेसळ फार झालीय. त्या अंडी भरपूर देतात, पण बसायचं विसरल्यात. मला अस्सल घरवळणीचा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात चालत आलेल्या वंशाचा नर हवा होता.

परत येताना वेल्ह्याच्या रस्त्याला वडापची जीप मिळाली. आता कागदावर तालुक्याचं नाव राजगड झालंय, पण आमच्या तोंडात वेल्हंच बसलंय. कोंबडा पाटीत घालून वरून फडकं बांधलं होतं. तरी तो फडक्यातून चोच काढून शेजारच्या माणसाच्या धोतराला टोचत होता. जीपचा ड्रायव्हर चाळिशीचा, उजव्या पायानं किंचित लंगडणारा. त्यानं आरशातून बघितलं.

"ताई, ह्यो कोंबडा हाय का पोलीस?"

सगळी जीप हसली. मीही हसले आणि माझं दुखणं त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, "मग आमच्या आईचा कोंबडा बघा की एकदा. आमची वाडी पार वर डोंगरात. बाहेरची कोंबडी तिकडं येतच न्हाई. आईच्या सासूपासनं तीच घरवळण चालू हाय." त्याचं नाव मारुती. दुसऱ्या दिवशी त्यानंच मला त्याच्या वाडीला नेलं.

घरापुढं सारवलेलं अंगण, कडेला भाताचा पेंढा रचलेला. मारुतीची आई, ठकूबाई, तांदूळ पाखडत बसली होती. सत्तरीच्या पुढची, बारीक, काटक बाई. मी आत्या म्हणून पाया पडले. येण्याचं कारण सांगितलं नव्हतं, तेवढ्यात ती म्हणाली, "बस, बाय. भाऊसाहेब येतीलच."

आमच्याकडं ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. मला वाटलं आज वाडीत काही सरकारी काम असेल. मी पदर सारखा करून बसले. थोड्या वेळानं शेजारच्या अंगणातून पाच-सहा कोंबड्या मागं घेऊन एक कोंबडा सावकाश चालत आला.

"आलं बघ," ठकूबाई म्हणाली. "ह्या घरी जरा टेकायचं, त्या घरी जरा टेकायचं, जेवणाच्या वक्ताला परत. म्हणून पोरं त्याला भाऊसाहेब म्हणत्यात."

दिसायला तो पालीच्या वीरापुढं अगदी साधा. रंग मातकट तांबूस, आकार मध्यम. पण मी त्याला हातात घेतला आणि चाचपून बघितला. छातीचं हाड ओळंब्यासारखं सरळ. पाय दगडासारखे घट्ट. हातात धरला तरी फडफड नाही, शांतपणे माझ्याकडं बघत राहिला. खाली सोडला. त्यानं उकिरड्यात पाय मारला, किडा सापडला, तो स्वतः न खाता टुकटुक करून कोंबड्यांना बोलावलं. त्या खाऊन झाल्यावर मग हा दुसरा शोधायला लागला. असा नर असला की कोंबड्या त्याच्या मागंच राहतात, चुकत नाहीत, घारीच्या तावडीत सापडत नाहीत. चांगल्या नराचं हे लक्षण मी फार कमी कोंबड्यांत बघितलंय.

"आत्या, हा मला द्या," मी म्हणाले. "बदल्यात काय पाहिजे ते मागा."

"न्हाई देता यायचा. देवीचा हाय त्यो."

मागच्या पावसाळ्यात मारुती बांधावरून घसरून खाली खाचरात पडला होता. पाय दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यात म्हणाले, चालेल की नाही आत्ताच सांगता येत नाही. ठकूबाई घरी आली तेव्हा हा कोंबडा अंगणात समोर उभा होता. तिनं त्याच्याकडं हात करून वाघजाईला सांगितलं, माझा पोरगा पायावर उभा राहिला तर जत्रेला तुला हा कोंबडा देईन. पोरगा उभा राहिला. नुसता उभा नाही, जीप चालवायला लागला. जत्रा चैत्रात होती आणि आता माघ चालू होता.

मी म्हणाले, "ह्याच्या दुप्पट वजनाचा आणून देते."

"देवीला म्या ‘एक कोंबडा’ बोलले न्हाई, बाय. ‘ह्यो कोंबडा’ बोलले."

मारुती दाराशी उभा होता. त्यानंही प्रयत्न केला. "आई, माझ्यासाठीच बोललीस ना? मीच म्हणतो, पुढच्या वर्षी देऊ."

ठकूबाईनं सूप खाली ठेवलं. "तुजा पाय पुढच्या वर्षी बरा झाला का?"

चहा घेतला आणि मी रिकाम्या हातानं परत आले.

घरी दोन दिवस मी त्या कोंबड्याचंच बोलत होते. तिसऱ्या दिवशी हे जेवताना म्हणाले, "नवरा मुलगा येत न्हाई म्हणून एवढं काय? लग्नात पोरगीच सासरी जाती. तुझ्या कोंबड्या पाठव की तिकडं."

एवढी वर्षं या धंद्यात मी, आणि हे मला सुचू नये! पण त्यात एक मेख असते. एकदा नराशी संबंध आला की पुढं दोनेक आठवडे कोंबडी त्याचीच फळलेली अंडी घालत राहते. म्हणून आधी माझ्या निवडक कोंबड्या तीन आठवडे कुठलाही नर दिसणार नाही अशा कोंडून ठेवल्या. मग चार जणींना डालग्यात, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीत, घातलं आणि एसटीनं निघाले. कापूरहोळला गाडी बदलताना कंडक्टरनं डालग्यात डोकावून विचारलं, "मावशी, कुठं निघाली मंडळी?"

"सासरी," मी म्हणाले.

"मग फुडं बसवा. सासरी जाणाऱ्यांना पाठीमागं धक्के बसत्यात."

ठकूबाईला ही युक्ती लगेच पटली. "कोंबडा देवीचा. त्याची पोरं देवीनं कुठं मागितल्यात? ठिव खुशाल." ठरलं असं की जी पिल्लं निघतील त्यांतला एक नर तिचा, आणि तो निवडायचा पहिला मान तिचा.

आता अंडी यायची वाट. मी रोज मारुतीला फोन करायची. "आज?" "न्हाई ताई." दुसऱ्या दिवशी, "आज?" "न्हाई." जागा बदलली की कोंबडी थोडे दिवस अंडी थांबवते, हे मला माहीत होतं. पण आठवडा गेला, दुसरा गेला, होळी झाली. जत्रा समोर दिसायला लागली आणि एक अंडं नाही. शेवटी मी उठून वाडीला गेले.

तर काय, माझ्या चौघी ओसरीवर डालग्याखाली सावलीत बसलेल्या. पुढ्यात तांदळाच्या कण्यांचा ढीग. अंगानं गोल झालेल्या.

"आत्या, ह्या आत कशाला?"

"मग? तुजी वस्तू हाय. घारीनं उचलली, मुंगसानं वडली, तर म्या तुला काय तोंड दाखवू? सांजचं जरा सोडते की."

सांजचं म्हणजे भाऊसाहेब दिवसभर गाव फिरून झोपायला निघालेले असायचे! मला हसावं की रडावं कळेना. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आत्या, पाहुणचार पुरे झाला. आता ह्यांना उन्हातान्हात त्याच्यामागं हिंडू द्या. एखादी गेली तर गेली, मी शब्दानं बोलणार नाही."

ठकूबाई पदर तोंडाला लावून हसत सुटली. "व्हय की गं! सुनांना घरात कोंडून नातवाची वाट बघत बसले म्या."

डालगं उघडलं. चौघी आधी बिचकल्या. ठकूबाईच्या जुन्या कोंबड्यांनी त्यांना टोचून बघितलं. तेवढ्यात भाऊसाहेब मध्ये येऊन उभे राहिले आणि टुकटुक सुरू झालं. मी कण्या बंद करायला सांगितलं, त्याऐवजी हिरवा पाला आणि चुन्याचे खडे. त्याच आठवड्यात मारुतीचा फोन आला. मी "आज?" म्हणायच्या आधीच तो ओरडला, "ताई, घातलं!" मागं ठकूबाईचा आवाज येत होता, "मला दे, मला सांगू दे."

त्यानंतर अंडी येत गेली. ठकूबाई ती घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, तांदळाच्या भुश्शात ठेवायची आणि रोज हातानं फिरवायची. रवणाला घालायचं अंडं आठ-दहा दिवसांपेक्षा जुनं नको असतं. त्यामुळं जत्रेच्या आधी मारुती एक खेप मला पोचवून गेला आणि दुसरी न्यायला मी जत्रेलाच गेले.

जत्रेच्या सकाळी ठकूबाईनं भाऊसाहेबांना अंघोळ घातली, कुंकू लावलं, ओंजळीतून दाणे खाऊ घातले. मारुतीनं त्याला काखेत घेतलं आणि तो लंगडत लंगडत, पण स्वतःच्या पायांनी, देवळापर्यंत डोंगर चढला. ठकूबाई मागून त्याच्या पायांकडं बघत चालली होती. कोंबड्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही. देवळाशी पोचल्यावर मी मागं फिरले आणि खालच्या झाडाखाली जाऊन बसले. निवडीत न बसलेले कितीतरी कोंबडे आमच्याच ताटात आलेत, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण याच्यासारखा नर मला परत हातात धरायला मिळणार नव्हता.

दुपारी पंगत बसली. माझ्या पुढ्यात भाकरी आणि रस्सा आला. हात पुढं होईना. ठकूबाई शेजारी येऊन टेकली.

"जेव, बाय. परसाद हाय. आन् त्याचा वंश तुझ्या टोपलीत हाय. मग रडायचं कशाला?" बोलताना तिचेच डोळे भरले होते. मग ती आणि मी एकाच ताटात जेवलो.

परतीचा प्रवास मी विसरणार नाही. टोपलीत भुस्सा, भुश्शात अंडी, टोपली माझ्या मांडीवर. मारुतीनं जीप अशी चालवली की वाटेत एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. जत्रेची माणसं दाटीवाटीनं बसली होती. एक पागोटंवाले बाबा वैतागले.

"मारुती, पाय दुखतुया का गाडी?"

"बाबा, ताईंच्या मांडीवर भाऊसाहेबांचा परिवार हाय."

भाऊसाहेब साऱ्या खोऱ्याला माहीत. त्यानंतर जीपमधला सूरच बदलला. खड्डा आला की सगळेच "हळू, हळू!" ओरडायला लागले. बाबांनी आपलं घोंगडं घडी करून माझ्या मांडीखाली सरकवलं. फाट्यावर उतरताना ते म्हणाले, "निघाली म्हंजी कळव गं मारुतीपाशी."

निघाली. एकेक खेप आली तशी ती एकेका खुडूक, म्हणजे रवणाला बसायला आलेल्या कोंबडीखाली घातली होती. दोन्ही खेपांना एकविसाव्या दिवशी सकाळी आमच्या घरात चिवचिव सुरू झाली. वाया गेली ती दोन-तीनच. मी एकेका पिल्लाचे पाय उजेडात धरून बघत होते. बोटं सरळ. सगळ्यांची. हे मागं उभे होते. म्हणाले, "विहीणबाई खूश दिसत्यात."

मारुती ही बातमी त्या बाबांना सांगायला वाट वाकडी करून गेला म्हणे.

दिवाळीच्या सुमाराला तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, आणि नर वयात आले. नरांतले दोन मला विशेष वाटत होते. एक बापाच्या रंगाचा, मातकट. दुसरा जरा उजळ, अंगानं थोडा हलका. मी दोघांना रोज हातात घेत होते आणि माझं मन मातकटावर बसलं होतं. शब्द दिल्याप्रमाणं ठकूबाईला निरोप धाडला. ती मारुतीबरोबर आली. उत्रोली तिनं पहिल्यांदाच बघितली. भाताची खाचरं बघून म्हणाली, "सपाट हाय गं तुजं सगळं. हितं कोंबडीला लपायला जागाच न्हाई."

मी सगळे नर अंगणात सोडले. ती पायरीवर बसून बराच वेळ बघत राहिली. मग उठून सरळ मातकटाकडं गेली, त्याला उचललं आणि पदराखाली घेतलं. हे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "घ्या आत्या. चांगला निवडलात." उजळ माझ्याकडं राहिला. तोही पुढं उत्तम निघाला. आज माझ्या कळपात वाकडं बोट औषधालाही सापडत नाही, आणि पैदाशीचे नर मागायला येणारे आता वेल्ह्याकडचं रक्त आहे का, असं विचारून घेतात. तरी तो मातकट माझ्या खुराड्यात असायला हवा होता, असं अजूनही कधीतरी वाटतं. म्हणून दर वर्षी माघात मी चार कोंबड्या डालग्यात घालते आणि वाडीला पोचवते. आता त्यांना कुणी कोंडत नाही.

यंदा ठकूबाईची नात, मारुतीची मुलगी, दहावीला होती. गणितात तिचं काही खरं नव्हतं. निकालाच्या दिवशी मी धाकधुकीतच फोन केला. पोरगी पास झाली होती. मला आनंद झाला, पण लगेच तो मातकटही आठवला.

"आत्या, नातीसाठी देवीला काही बोलला होता का?"

"व्हय. बोलले व्हते की."

"काय?"

"नारळ. पाच. कोंबडा बोलायचं म्या आता सोडलंय. नारळाला काय वंश चालवायचा नसतो."

"देवी रागावली नाही ना?"

"रागावली असती तर पोरगी गणितात पास झाली असती व्हय?" ठकूबाई म्हणाली, आणि मग माझ्या कोंबड्यांची एकेकीची चौकशी करत बसली.